चार ते सहा मोकळे हात

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, नगरमधल्या एका खाजगी रुग्णालयात, बायकांच्या हाडांच्या वॉर्डात, माझे दोन्ही हात खाटेच्या लोखंडी कठड्याला गॉजच्या पट्टीने बांधण्यात आले. मी शुद्धीत होते. वेळ मला नंतर केसपेपरवरून कळली. वॉर्डात घड्याळ नव्हतं.

त्याआधी पाच मिनिटं मला एक प्रश्न विचारला गेला होता.

राऊंड चालू होता. पुढे मोठे डॉक्टर, त्यांच्या मागे शिकणारे सहाजण, सगळ्यांत शेवटी केसपेपरांचा गठ्ठा घेतलेली सिस्टर. अकरा नंबरच्या खाटेपाशी, म्हणजे माझ्यापाशी, ते थांबले. डॉक्टर माझ्याकडे न बघता विद्यार्थ्यांना म्हणाले, "वय एकाहत्तर. खुब्याचं ऑपरेशन, आज तिसरा दिवस. सकाळपासून खाटेवरून उतरायला बघतेय. अशा पेशंटला आधी काय विचारायचं?"

एक मुलगी म्हणाली, "ओरिएंटेशन, सर."

"मग विचारा."

मुलगी माझ्यावर वाकली. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून म्हणाली, "आजी, आज तारीख काय?"

मला सांगता आली नाही.

मी तेहतीस वर्षं नगरच्या एका दैनिकात काम केलं. शेवटची अठरा वर्षं मुख्य उपसंपादक होते. पहिलं पान छपाईला सोडण्याआधी त्यावरची तारीख आणि वार वाचून बघणं हे माझं काम. दुसऱ्या कोणी बघितलं असलं तरी मी पुन्हा बघायची. त्या सकाळी डोक्यात जिथे तारीख असायची तिथे काही नव्हतं. मजकूर न आलेल्या कॉलमसारखी कोरी जागा. मी तिच्याकडे बघत राहिले आणि जितकी बघत राहिले तितकी ती मोठी होत गेली.

दोघं-तिघं हसले. मोठ्याने नाही.

"बरं, वार सांग," डॉक्टर म्हणाले. "वार तरी?"

"थांबा, सांगते."

"सांग, सांग. आम्हाला काय दुसरं काम नाही."

पुन्हा हसू. मी घाईने "रविवार" म्हटलं.

डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "लिहा. भ्रम. हात बांधून ठेवा, नाहीतर सलाईन ओढेल." आणि ते बारा नंबरकडे वळले. ती खाट तेव्हा रिकामी होती, म्हणून तेराकडे गेले.

मी सकाळपासून खाटेवरून का उतरत होते, हे कोणी विचारलं नाही. मला लघवीला जायचं होतं. मी तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सिस्टर म्हणाली, "डायपर लावलंय ना आजी? त्यातच करायचं." मला होत नव्हतं. बावीस खाटांच्या वॉर्डात, पडद्याशिवाय, उताणं पडून मला होत नव्हतं. सिस्टर लागोपाठ दुसऱ्या ड्युटीवर होती आणि वॉर्डात ती एकटीच होती, हेही इथे नोंदवते. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

चष्मा आणि कवळी ऑपरेशनच्या आधी काढून घेतली होती. एका पिशवीत घालून ती पिशवी सिस्टरच्या कपाटात ठेवली होती. ऑपरेशन झालं. पिशवी परत आली नाही. चष्म्याशिवाय मला समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त डोकं दिसतं. कवळीशिवाय माझं बोलणं मलाच ओळखू येत नाही. अंगावर रुग्णालयाचा हिरवा झगा. त्या झग्यात मी कोण होते ते मीही सांगू शकले नसते. काळी, बोळकी, गोंधळलेली एक म्हातारी.

माझी आई मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या धुण्याच्या कामावर होती. रक्त-पू लागलेल्या पट्ट्या उकळायच्या, वाळवायच्या, गुंडाळून ठेवायच्या. सुट्टीच्या दिवशी मी गुंडाळायला बसायची. शाळेत मला "पट्टीवालीची" म्हणायचे. ती पट्टी जखमेसाठी असते एवढंच मला माहीत होतं.

आता भीतीबद्दल. भीतीची बातमी करता येत नाही असं आमच्या कचेरीत म्हणायचे, कारण तिला दुजोरा मिळत नाही. मी प्रयत्न करते.

मला मरणाची भीती वाटत नव्हती. मला पुढच्या तासाची भीती वाटत होती. सलाईनचा थेंब मला दिसत नव्हता, म्हणून मी मनात नुसतेच आकडे मोजायची. साठ मोजले की एक मिनिट, असं धरून वेळ मोजायचा प्रयत्न करायची, आणि तीसच्या पुढे आकडे सुटायचे. मग पहिल्यापासून. दाराकडून चपलांचा आवाज आला की माझ्याकडेच येतायत असं वाटायचं. आवाज पुढे गेला की आपल्याला विसरले असं वाटायचं. नाकाला खाज सुटली तर खाजवता येत नव्हतं. ही लहान गोष्ट आहे. एक तास नाकाला खाज सुटलेली असताना हात बांधलेले असले की ती लहान राहत नाही. मी पाय हलवायची, मान हलवायची, उशी सरकवायची. मी जितकी हलायची तितकी सिस्टर म्हणायची, "बघा, किती अस्वस्थ आहेत." आणि तसं लिहायची.

बुधवारी दुपारी आयाबाई आल्या. वॉर्ड झाडणं, लघवीची भांडी देणं, आमची अंगं पुसणं हे सगळं त्या करायच्या. त्यांनी एक नंबरच्या खाटेपासून सुरुवात केली आणि जिथे जिथे हात बांधलेले होते तिथल्या गाठी सोडत माझ्यापर्यंत आल्या.

"चला आजी, हात मोकळे. भेटीची वेळ झाली."

मनगटावर वळ उठले होते. ते त्यांनी आपल्या अंगठ्याने चोळले. प्रेमाने चोळले की वळ दिसू नयेत म्हणून चोळले, सांगता येत नाही. मग मला भांडं दिलं. माझ्याभोवती चादर धरली. मला झालं.

दोन पट्ट्या त्यांनी गुंडाळून माझ्या उशीखाली ठेवल्या.

भेटीची वेळ चार ते सहा. माझी भाची राहुरीहून एसटीने आली. ती तिथे शाळेत शिकवते. मी लग्न केलं नाही. माझं माणूस म्हणजे ती. दाखल करताना अर्ज तिनेच भरला होता. खिडकीवरच्या कारकुनाने धर्म वाचून विचारलं होतं, "ख्रिश्चन. म्हणजे मूळच्या कोण?" ती म्हणाली होती, "मूळच्या नगरच्याच." "तसं नव्हतं म्हणायचं मला," कारकून म्हणाला होता. स्ट्रेचरवर पडून मी हे ऐकलं होतं. मी बोलले नव्हते. तीही पुढे बोलली नव्हती.

मी तिला म्हटलं, "मला बांधून ठेवतात."

तिने माझे हात आपल्या हातात घेतले. "आत्या, कुठं बांधलंय? हात तर मोकळेच आहेत."

"आत्ता मोकळे केले. तू यायच्या आधी."

ती उठून सिस्टरकडे गेली. परत आली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. लहान मुलाशी बोलतात तसा झाला होता. "ऑपरेशननंतर असं वाटतं म्हणे म्हाताऱ्या माणसांना. केसपेपरवरसुद्धा लिहिलंय त्यांनी. जाईल दोन-चार दिवसांत. तू डॉक्टर सांगतात ते ऐक ना, आत्या." तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले, प्रार्थना केली.

उशीखाली पट्ट्या होत्या. मी सांगू शकले असते. मी सांगितलं नाही. तिने उशी उचलली असती आणि पट्ट्या दिसल्या असत्या, तर दवाखान्यात पट्ट्या असायच्याच, असं ती म्हणाली असती. आणि ते खरं होतं.

सहाला घंटा झाली. ती गेली. हात परत बांधले.

त्याच संध्याकाळी, भाची अजून बसलेली असतानाच, बारा नंबरच्या खाटेवर गयाबाई आल्या होत्या. घोडेगावच्या पुढचं खेडं. वय त्यांना माहीत नव्हतं, सुनेने पंचाहत्तर लिहिलं. उजवं मनगट मोडलेलं, कमरेला मार. गुरुवारी पहाटे त्या खाटेवरून उतरून संडास शोधत निघाल्या, तर त्यांचा डावा हात बांधण्यात आला. उजवा प्लास्टरमध्ये होताच.

उजाडल्यावर त्या माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "बाई, तुमाला बी बांधलंय व्हय?"

"हो."

"तुमी काय केलं हुतं?"

"तारीख चुकले."

"आन मी मुतायला उतरले." त्यांनी माझे दोन्ही हात पाहिले. "म्हंजी तुमचा गुन्हा मोटा."

त्या परत म्हणाल्या, "तुमी किरिस्ताव ना? काल ती पोरगी डोळं मिटून बसली हुती तवाच वळाकलं म्या."

"हो."

"तुमच्या देवाला बी असंच केलं हुतं म्हनं. पर त्येला खिळं मारलं. आपल्याला निस्ती पट्टी हाय. लई मेहेरबानी म्हना."

मी हसले. ऑपरेशनचे टाके दुखेपर्यंत हसले. सिस्टरने मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं.

गुरुवारच्या राऊंडला डॉक्टर आधी खिडकीकडच्या नऊ नंबरला गेले. तिथल्या बाईंना वॉर्डात सगळे काकू म्हणत. काकू रुग्णालयाच्या विश्वस्तांपैकी कोणाच्या तरी नात्यातल्या आहेत असं बोललं जायचं. याची खातरजमा मी करू शकले नाही. स्पेशल खोली रिकामी होईपर्यंत त्या वॉर्डात होत्या, हे मात्र सिस्टरनेच सांगितलं. त्यांचा चष्मा त्यांच्या डोळ्यांवर असायचा; माझा परत मिळाल्यावर मी ते पाहिलं. त्यांच्याजवळ त्यांची बाई दिवसभर बसलेली असायची.

"काय काकू, कशा आहात तुम्ही? सांगा बरं, आज तारीख काय?"

काकूंनी तारीख सांगितली.

डॉक्टर हसले. "दोन दिवस मागं आहात, काकू. चालायचंच. इथं पडून कोणाच्या लक्षात राहते? मलाच राहत नाही." विद्यार्थीही हसले. ते हसू वेगळं होतं. सिस्टरने काही लिहिलं नाही. काकूंचे हात चादरीवर होते.

काकूंनी काही वाईट केलं नव्हतं. त्या चुकल्या, आणि त्यांना चुकू दिलं गेलं. एवढंच.

त्या दुपारी मला स्वतःबद्दलच शंका आली. भाची माझ्याशी खोटं बोलत नाही. डॉक्टर शिकलेले आहेत. कागदावर लिहिलेलं आहे. आयुष्यभर मी इतरांना हेच विचारलं होतं: कागद आहे का? मग कदाचित मला वाटतंय तसं नसेल. मी डावा हात ओढून पाहिला. पट्टी ताणली गेली, कठडा वाजला. दोन मिनिटांनी वाटलं, हा आवाज आला की मला वाटला? मी परत ओढला. परत वाजला. असं किती वेळा केलं ते सांगता येणार नाही. गयाबाई म्हणाल्या, "बाई, गुमान पडा की. घंटी वाजिवताय का काय?"

"तुम्हाला ऐकू आलं?"

"न यायला मी काय भैरी हाय व्हय?"

मला दुजोरा मिळाला होता. त्या दिवशी एवढा एकच.

चारला आयाबाई आल्या, हात सुटले, भांडं मिळालं. भाचीने आदल्या दिवशीच सांगितलं होतं की गुरुवारी शाळेत परीक्षा आहे, येता येणार नाही. ती आली नाही. सहाला हात बांधले.

शुक्रवारी राऊंड आमच्याकडून सुरू झाला. आधी बारा नंबर.

परवाच्याच मुलीने विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

गयाबाई म्हणाल्या, "घोडेगावचा बाजार."

"वार विचारला, आजी. वार."

"त्येच सांगती की. घोडेगावचा बाजार हाय आज. माजी अंडी तशीच पडली घरला."

"बाजारातच आहे अजून," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. डॉक्टरही. मग ते सिस्टरला म्हणाले, "लिहा. वेळेचं भान नाही. भ्रम."

इथे मला थोडं मागे जावं लागेल. मी दैनिकात लागले तेव्हा कचेरीत मी एकटी बाई होते आणि एकटीच आमच्या समाजातली. मला शहराची बातमी दिली नाही, गुन्ह्याची दिली नाही. मला आठवडे बाजार दिले. कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी, कांदा काय गेला, मेथीची जुडी काय गेली. सहा वर्षं. माझा चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, कान तुटलेला. शिपाई त्यात वरून चहा ओतायचा. मी तो कप धुऊन परत खिडकीत ठेवायची. दोन वर्षं ठेवत होते. मग कचेरी नव्या जागेत गेली आणि ते आपोआप थांबलं. मी थांबवलं नव्हतं. हे नोंदवायला हवं. मी तेव्हा काही बोलले नव्हते.

घोडेगावचा बाजार शुक्रवारी भरतो.

म्हणजे आज शुक्रवार. मी घरी घसरून पडले तो शनिवार: त्या दिवशी सकाळी पाणी आलं होतं, ते मोरीत सांडलं होतं, आणि त्याआधी पेपरवरची तारीख मी वाचली होती. शनिवारनंतरचा शुक्रवार. तारीख डोक्यात आली. कोऱ्या जागेत एकदम खिळा ठोकावा तशी.

मी म्हटलं, "डॉक्टर."

तोंडात दात नव्हते. शब्द लाळेत घसरले. कोणी वळलं नाही. मी जीभ टाळूला लावून परत म्हटलं, "डॉक्टर. शुक्रवार आहे. घोडेगावचा बाजार शुक्रवारी असतो. तिने बरोबर सांगितलंय."

एका मुलाने खिशातून मोबाईल काढून पाहिला. "सर, शुक्रवारच आहे."

"पण वार नाही सांगितला तिने," डॉक्टर म्हणाले.

"सांगितला. तिच्याकडे वार असेच असतात. तुम्हाला ठाऊक नाहीत." मग मी तारीखही सांगितली, महिना आणि साल धरून. "आणि काल नऊ नंबरच्या बाईंची तारीख दोन दिवसांनी चुकली. ते कुठे लिहिलंय?"

काकू खिडकीकडे बघत होत्या.

डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "आजी जरा चिडल्यात. शांत व्हायचं इंजेक्शन द्या."

"मला नको," मी म्हटलं. "मला विचारलेलं नाही. मी नको म्हणतेय. हे लिहा."

ते तेरा नंबरला गेले होते. सिस्टर माझ्या पायाशी उभी राहिली. तिच्या हातात पेन होतं. तिने केसपेपर माझ्या खाटेवर टेकवला आणि लिहिलं. काय लिहिलं ते मला चष्म्याशिवाय वाचता आलं नाही. नंतर नक्कल मिळाली तेव्हा वाचलं: रुग्णाने इंजेक्शन नाकारले. अक्षर नीट होतं. इंजेक्शन तिने भरलं नाही.

भ्रम हा शब्द आता दोन कागदांवर होता. तो जोवर तिथे होता तोवर आम्ही काहीही सांगितलं तरी ते आमच्या आजाराचं लक्षण होतं. बांधलंय म्हटलं तरी लक्षण. नको म्हटलं तरी लक्षण. हे मला त्या सकाळी समजलं. एकाहत्तराव्या वर्षी.

जेवणं झाल्यावर मी गयाबाईंना म्हटलं, "आज चारला हात सोडू द्यायचे नाहीत."

"का वं?"

"येणाऱ्यांना बघू दे."

त्यांनी विचार केला. "माजी सून रडंल."

"रडू दे."

"तुमाला म्हाईत न्हाई. ती रडाया लागली की मागं सरत न्हाई." परत विचार केला. "आन मुतायचं?"

हा खरा प्रश्न होता. चारलाच भांडं मिळायचं. सकाळपासून आम्ही दोघी थांबलेल्या होतो. "थोडं थांबू," मी म्हटलं.

"थोडं म्हंजी किती?"

"मला माहीत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "पर हासवू नका मधी."

पुढचा वेळ मी कसा काढला ते सांगता येत नाही. पोट दगडासारखं झालं होतं. दर थोड्या वेळाने वाटायचं, राहू दे, सोडू दे हात, उद्या बघू. उद्या हा शब्द मी आयुष्यात फार वापरला होता.

आयाबाई आल्या. एक नंबर. चार नंबर. पाच नंबर. मग माझ्याकडे. त्यांनी डाव्या गाठीला हात घातला. मी मूठ वळून पट्टी आत आवळून धरली.

"सोडा, आजी. घंटा होईल."

"नको. राहू द्या."

"असं कसं? मला बोलतील."

"बोलतील. तुमचं नाव मी घेणार नाही."

त्यांनी बारा नंबरकडे बघितलं. गयाबाईंनी डावा हात कठड्याला चिकटवून धरला होता. "मला बी नगं गं बाई. मला ह्यो कठडा लई आवडलाय."

आयाबाई मध्ये उभ्या राहिल्या. त्यांचे हात माझ्या मनगटावर होते आणि त्या ओढत नव्हत्या. मग घंटा झाली.

माणसं आत आली. डबे, पिशव्या, नारळपाणी. पहिल्यांदा गयाबाईंची सून आली. डबा हातात, डोक्यावर पदर. खाटेपाशी आली आणि थांबली. "अवं आई, ह्ये काय? ह्ये कुणी केलंय?" आणि ती रडायला लागली. गयाबाईंनी सांगितलं होतं तसंच. वॉर्डातली सगळी माणसं वळली. कोणीतरी मोबाईल काढला. कोणीतरी आपल्या आईच्या मनगटावरची बाही वर सरकवून पाहिली. "हितं बी वळ हायेत," तिकडून आवाज आला.

माझी भाची दारातून आत आली तेव्हा मी तिचा चेहरा बघू शकले नाही. चष्मा नव्हता. ती जवळ आली. तिने पट्टीला बोट लावलं. गाठीवरून बोट फिरवलं.

वीसेक मिनिटांनी रुग्णालयाचे अधीक्षक आले. मोठे डॉक्टर त्यांच्याबरोबर नव्हते. तोवर भाचीने सिस्टरच्या टेबलापाशी सांगितलं होतं की आत्या पेपरात होत्या, मुख्य उपसंपादक होत्या.

अधीक्षक वाकून म्हणाले, "मॅडम, आधी सांगायचं ना. आम्हाला काय माहीत."

"मी कोण ते माहीत नसेल तर बांधायचं, असा नियम आहे का?"

"तसं नाही, मॅडम. तुमच्या सुरक्षेसाठी असतं ते. सिस्टर, मॅडमचे हात सोडा आधी."

"आधी तिचे."

त्यांनी बारा नंबरकडे बघितलं. "त्यांचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

मी मूठ सोडली नाही. गयाबाई हळूच म्हणाल्या, "सायेब, काय बी वेगळं नसंल तर बिगीबिगी करा. मला र्‍हावंना."

सिस्टरने गयाबाईंची गाठ सोडली. मग माझी. चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती, भाचीच्या मोबाईलवर. दोघींना भांडी देण्यात आली. मधे पडदा लावण्यात आला. पडदा त्या वॉर्डात होता, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. चष्म्याची आणि कवळीची पिशवी पाच वाजता परत मिळाली.

त्यानंतर आमच्या वॉर्डात, मी असेपर्यंत, कोणाचे हात बांधले गेले नाहीत. मी बुधवारी घरी आले. पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

तीन आठवड्यांनी गयाबाईंचा फोन आला. सुनेच्या मोबाईलवरून.

"बाई, मला हितं कोन बाजारला जाऊ देईना. पोरगा म्हनतो, दवाखान्यानंच लिवलंय, डोकं फिरलंय. येतंजातं कागुद दावतो. अंडी बी त्योच इकतो आता. चूल पेटवू देत न्हाईत. हात बांधलं न्हाईत, पर खोडाच म्हनावं ह्यो."

मी रुग्णालयाला अर्ज लिहिला. दोन केसपेपर, दोन नोंदी, दोन्ही चुकीच्या, दोन्ही दुरुस्त कराव्यात. खाली माझी सही. भाची तो अर्ज घेऊन गयाबाईंच्या गावी जाऊन आली. तिथे त्यांनी अंगठा लावला, सुनेने साक्षीदार म्हणून सही केली.

अकरा दिवसांनी रुग्णालयातून फोन आला. बोलणाऱ्याचा आवाज नम्र होता.

"मॅडम, तुमची नोंद दुरुस्त केलीय. नवा कागद तयार आहे. येऊन घेऊन जा."

"आणि दुसरी?"

"दुसऱ्या पेशंटच्या मुलाची काही तक्रार नाहीये, मॅडम."

"तक्रार त्यांची स्वतःची आहे. अर्जावर त्यांचा अंगठा आहे."

"पण मॅडम, त्यांना भ्रम आहे ना. त्यांचा अंगठा कसा धरणार?"

मी त्यांना हे वाक्य परत म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटलं. मी ते लिहून घेतलं.

नवा कागद मी घेतला नाही. पुढच्या मंगळवारी गयाबाई सुनेबरोबर सकाळच्या एसटीने नगरला आल्या. मी वॉकर घेऊन रिक्षाने गेले. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात आम्ही दोघींनी मिळून अर्ज दिला. फोनवरचं ते वाक्य त्यात आहे. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का मिळाला. दोन्ही नोंदी एकाच अर्जात आहेत. माझी नोंद वेगळी काढून घ्यायला मी लेखी नकार दिला आहे.